मृगांतील तान्हे तारे

मार्गशीर्ष-पौषांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर अंगणांत किंवा गच्चीवर घटकाभर उभें राहिलें म्हणजे पूर्वेकडे मृगनक्षत्र सहज दृष्टीस पडतें. चार कोपऱ्यांवरचे चार तारे हे मृगाचे पाय, त्याच्या पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि खालच्या अंगास तो बाण सोडणारा व्याध, ही गोष्ट ज्या घरांत आजीनें नातवंडांस सांगितली नाहीं असें घर आपणांत विरळाच. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'ओरायन' ग्रंथांत वेदांचा काळ ठरवितांना ह्याच नक्षत्राचा आधार घेतला होता, हेंही पुष्कळांस ठाऊक असेल. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका रात्रीं आमच्या पुतण्यानें मला प्रश्न केला, "काका, हे तारे रोज तेच, त्याच जागीं, तसेच. मग मोठमोठ्या दुर्बिणी लावून लोक वर्षानुवर्षें पाहतात तरी काय?" प्रश्न पोराचा असला तरी हंसून सोडण्यासारखा नव्हता. ध्रुवासारखें अढळ असें आपणही म्हणतोंच कीं! त्याला मीं बाणाच्या किंचित् खालीं, दक्षिणेकडे, तेजाची जी एक पुसट छटा दिसते ती दाखविली. नजर चांगली असेल तर ती नुसत्या डोळ्यांनींही दिसते. साधी दुर्बीण लावली तर धुराच्या लहानशा ढगासारखी भासते.

हा ढग म्हणजे ताऱ्यांचें सूतिकागृह होय. तो आपणांपासून सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर आहे; आज तेथून जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो तो निघाला तेव्हां दक्षिणेंत बदामीच्या चालुक्यांचें राज्य चालूं होतें. वायु आणि धूळ एकवटून ह्या ढगांत कांहीं हजार तारे नुकतेच जन्मास आले आहेत. 'नुकतेच' हा शब्द मात्र ज्योतिषशास्त्राच्या हिशेबानें घ्यावयाचा, कारण त्यांचें वय दहा-वीस लाख वर्षें आहे. आपल्या सूर्याचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें. सूर्यास ४६ वर्षांचा संसारी गृहस्थ मानलें तर हे तारे चार ते सात दिवसांचे ठरतात. म्हणजे कोणाची पांचवी नुकतीच पुजली आहे, कोणाची पुजावयाची आहे, बारशाची तर गोष्टच नको, अजून सोयरही फिटलेलें नाहीं.

जुन्या वाड्यांतून बाळंतिणीची खोली कशी असे हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस पुढील अडचण लगेच समजेल. खिडक्या लावलेल्या, आंत शेगडी व धुरीचा धूर, दाराशीं पडदा. ओटीवर बसलेल्या मंडळींस मूल दिसावयाचें नाहीं. त्याचें रडणें मात्र भिंतींतून स्पष्ट ऐकूं यावयाचें. तान्ह्या ताऱ्यांचीही तीच स्थिति आहे. ज्या धुळींतून ते जन्मले तीच धूळ त्यांच्याभोंवतीं दाटलेली असते, आणि ती साधा प्रकाश अडवून धरते. रेडिओच्या लहरी मात्र त्या धुळीस दाद न देतां आरपार निघून येतात. म्हणून ह्या बाळांविषयीं पुष्कळशी माहिती आपणांस मिळते ती पाहून नव्हे, ऐकून. येथें 'ऐकणें' हा शब्द मीं लाक्षणिक अर्थानें वापरला आहे. पोकळींतून ध्वनि येत नाहीं हें शाळेंतलीं मुलेंही सांगतील.

आकाशांतून रेडिओच्या लहरी येतात हें कार्ल जान्स्की नामक अमेरिकन इंजिनियरास १९३२-३३ सालीं प्रथम कळलें. अटलांटिकपार चालणाऱ्या टेलिफोनांत खरखर कशानें होते याचा तो शोध करीत होता, आणि तींतील एक खरखर आकाशगंगेकडून येते असें त्यास आढळलें. परंतु ताऱ्याचा आवाज एकाएकीं चढूं शकतो, हा धडा मिळाला तो महायुद्धांत, आणि तोही आपल्या सूर्याकडून. हकीकत मोठी मौजेची आहे. १९४२ च्या फेब्रुवारीच्या १२ तारखेस जर्मनांनीं इंग्रजांच्या रडार-यंत्रांत मुद्दाम खरखर उत्पन्न करून आपल्या मोठ्या लढाऊ नौका इंग्लिश खाडींतून भर दिवसां पळवून नेल्या होत्या. इंग्रज अधिकारी त्यामुळें आधींच धास्तावलेले. तोंच महिनाअखेरीस निरनिराळ्या ठाण्यांवरचीं रडारें पुन्हां खरखरूं लागलीं. शत्रूची ही नवी युक्ति म्हणावी, तर आकाशांत विमान एकही नाहीं! चौकशीचें काम जेम्स स्टॅन्ली हे नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याकडे आलें. कोणत्या ठाण्यास कोणत्या दिशेनें त्रास झाला हें त्यानें मांडून पाहिलें, तों सर्व यंत्रांचीं तोंडें सूर्याकडे वळलेलीं. ग्रीनिचच्या वेधशाळेस विचारतां कळलें कीं, त्याच सुमारास सूर्यबिंबाच्या मध्यावर डागांचा एक प्रचंड समूह आलेला होता. युद्धांतील गुप्ततेमुळें ही गोष्ट १९४६ पर्यंत शास्त्रीय पत्रांत प्रसिद्ध झाली नाहीं.

सूर्याच्या डागांत चुंबकशक्ति अतिशय प्रबळ असते. सूर्याच्या पोटांतला तप्त वायु खळबळत असतो आणि सूर्य स्वतःभोंवतीं फिरतही असतो; त्यामुळें चुंबकीय रेषांस सारखा पीळ बसत जातो. दोरास पीळ देत गेलें म्हणजे एका क्षणीं तो तट्‌दिशीं तुटतो. ह्या रेषाही तशाच तुटतात, पुन्हां निराळ्या तऱ्हेनें जुळतात, आणि त्या झटक्यांत सांठलेली शक्ति बाहेर पडून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें धांवूं लागतात. रेषेभोंवतीं वळसे घेत धांवणारा इलेक्ट्रॉन रेडिओच्या लहरी फेंकतो. हा झाला भडक्याचा आवाज. ताऱ्यांचा दुसरा एक आवाज असतो तो शांत व संथ. ताऱ्यांतून वाहणारा वायु तापून त्यांतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ते कणांजवळून जातांना जी मंद लहर उठते ती महिनेमहिने जवळजवळ एकसारखी राहते. पाळण्यांतील मुलाचा श्वास आणि त्याचें किंचाळणें यांत जो भेद, तोच ह्या दोन आवाजांत.

आतां, प्रौढ सूर्यास स्वतःभोंवतीं एकदां फिरण्यास सुमारें २५ दिवस लागतात. हीं तान्हीं बाळें थोडक्याच दिवसांत एक गिरकी घेतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांतला वायु वरपासून तळापर्यंत आधणासारखा उकळत असतो. मग पीळ किती बसत असेल याची कल्पनाच करावी. अशा ताऱ्यांचा वर्ग आल्फ्रेड जॉय यांनीं १९४५ सालीं अकरा तारे घेऊन ठरविला, आणि वृषभ राशींतील ज्या ताऱ्यावरून त्यास नांव दिलें तो 'टी टॉरी' तारा हाइंड यांनीं १८५२ सालींच नोंदला होता. त्यांचें साध्या प्रकाशांतलें तेज लहरी स्वभावाच्या माणसाप्रमाणें कमीजास्त होतें हें तेव्हांच दिसलें होतें. रेडिओंत त्यांचा खरा स्वभाव कळण्यास मात्र फार दिवस लागले.

मृगांतल्या त्या ढगांत ठिपक्यांसारखे दिसणारे कांहीं रेडिओ-उगम गाराय, मोरान व रीड या तिघांनीं १९८७ सालीं यादींत घातले. त्यांतल्या पहिल्यास त्या तिघांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून 'जीएमआर-ए' असें रुक्ष नांव मिळालें. पुढें सोळा वर्षें त्याची विशेष वार्ता कोणी केली नाहीं. २० जानेवारी २००३ रोजीं कॅलिफोर्नियांतील हॅट क्रीक येथील रेडिओ-दुर्बिणींचा समूह सुमारें साडेतीन मिलिमीटर लांबीच्या लहरींत तो ढग पाहत होता. त्या लहरींत पूर्वीं केव्हांही न दिसलेला हा तारा त्या दिवशीं कांहीं तासांत पांचपटींहून अधिक चढला, आणि ढगांतील साऱ्या ठिपक्यांत तोच सर्वांत तेजस्वी ठरला. ताऱ्यांच्या रेडिओ-भडक्यांपैकीं इतका मोठा भडका क्वचितच कोणी पाहिला होता.

योगायोग असा कीं, त्याच सुमारास 'चंद्रा' ही क्ष-किरणांची दुर्बीण (आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचें नांव तिला दिलेलें आहे) अवकाशांतून त्याच ढगावर जवळजवळ तेरा दिवस टक लावून बसली होती. तिच्या टिपणांत पाहतां कळलें कीं, रेडिओंतला भडका दिसण्यापूर्वीं सुमारें दोन दिवस त्या ताऱ्याचे क्ष-किरण दसपट वाढले होते. मग जगांतील इतर दुर्बिणी तिकडे वळल्या. भडका थोड्या दिवसांत ओसरला. पण पुढील ७० दिवसांत तो तारा आणखी कित्येक वेळां भडकला, पहिल्याइतका मात्र कधींच नाहीं. त्याच्या लहरी वर्तुळांत पिळवटून आलेल्या होत्या, आणि चुंबकीय रेषांभोंवतीं इलेक्ट्रॉन फिरत असल्याची हीच खूण होय. त्याच्या पृष्ठभागावरची चुंबकशक्ति मोजली तीही सुमारें २,६०० गॉस भरली. आपल्या पृथ्वीची चुंबकशक्ति अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. सूर्यावर एवढी शक्ति एखाद्या डागांतच सांपडते. ह्या बाळाच्या बाबतींत सर्वांगाची सरासरीच तेवढी!

ह्या भडक्याचा एक उपयोग असा झाला कीं जो कोणाच्या स्वप्नींही नव्हता. भडकणारा उगम अगदीं बारीक ठिपक्याएवढा असल्यामुळें त्याची जागा फार सूक्ष्मपणें ठरवितां येते. हवाई बेटांपासून व्हर्जिन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा तबकड्यांच्या साहाय्यानें कांहीं ज्योतिषांनीं त्याची जागा वारंवार मोजली. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूस असतांना आणि दुसऱ्या बाजूस असतांना तो किती सरकलेला दिसतो त्यावरून २००७ सालीं अंतर काढलें, तें सुमारें १,२७० प्रकाशवर्षें आलें. त्यापूर्वीं जें अंतर धरून चालत असत तें दीड हजारांच्या वर होतें. अंतर घटलें म्हणजे त्या ढगांतील प्रत्येक ताऱ्याचें खरें तेज घटलें आणि त्यावरून काढलेलें वयही बदललें. एका तान्ह्याच्या किंचाळण्यानें साऱ्या घराच्या जन्मपत्रिका पुन्हां मांडाव्या लागल्या.

पण जीएमआर-ए हा एकटाच खोडकर, कीं सगळेंच घर तसें? याचें उत्तर एखाद-दुसऱ्या नजरेनें मिळण्यासारखें नव्हतें. पहाराच ठेवावयास पाहिजे होता. तो २०१२ सालीं ठेवण्यांत आला. अमेरिकेंत न्यू मेक्सिकोच्या पठारावर प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या रुळांवर बसविलेल्या आहेत. ह्या समूहास आतां जान्स्कीचेंच नांव दिलें आहे. यान फोर्ब्रिख व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या तबकड्यांनीं एकंदर सुमारें तीस तास तो ढग न्याहाळला आणि त्याच वेळीं 'चंद्रा' दुर्बीणही तिकडे लावून ठेविली. पूर्वीं माहीत होते त्यांच्या सातपट, म्हणजे ५५६ उगम त्यांस सांपडले. त्यांपैकीं तेरा उगमांचा आवाज त्या थोड्या दिवसांतच दहापटींहून अधिक कमीजास्त झाला, आणि कांहींनीं तर ही दसपट मजल अर्ध्या तासाच्या आंत गांठली.

येथें एक गंमतीची अडचण आली. जुन्या काळीं एकत्र कुटुंबाचा फोटो काढावयाचा म्हणजे फोटोग्राफर काळ्या फडक्याखालीं डोकें घालून 'हलूं नका' म्हणून बजावीत असे. वडील मंडळी पुतळ्यासारखीं बसत. पण मांडीवरचें मूल हटकून मान हलवी आणि फोटोंत त्याच्या जागीं एक पांढरा फरांटा उमटे. रेडिओ-दुर्बिणींच्या समूहाचें चित्रही असेंच तासन् तास घेतलेलें असतें. पृथ्वी फिरते तसतशा तबकड्यांच्या जागा आकाशाच्या मानानें बदलतात, आणि त्या साऱ्या वेळांत मिळालेलीं मापें एकत्र करून एक चित्र बनवितात. यांत आकाश हललें नाहीं असें गृहीत धरलेलें असतें. मधल्यामध्यें एखादा तारा दहापट भडकून विझला तर चित्रांत त्याच्याभोंवतीं नसतीं वर्तुळें व रेघा उमटतात, आणि सरासरी काढतां काढतां तो भडकाही त्यांत बुडून जातो. म्हणून ह्या मंडळींस सबंध चित्राचे वेळेप्रमाणें लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निराळा पाहावा लागला. 'ह्या ताऱ्यापासून रेडिओ-लहरी येत नाहींत' असे शेरे जुन्या कागदपत्रांत पुष्कळ आहेत. त्यांतले किती तारे खरोखर मुके आणि किती नुसते त्या घटकेस झोंपलेले, हें आतां नव्यानें तपासणें प्राप्त आहे.

ह्या शोधांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग निराळाच आहे. ग्यूडेल व बेन्झ यांनीं १९९३ सालीं एक नियम दाखविला होता: चुंबकीय खळबळ असणाऱ्या ताऱ्यांत क्ष-किरणांचें तेज व रेडिओचें तेज एका ठराविक प्रमाणांत असतें. सूर्याच्या भडक्यांसही तो बराचसा लागू पडतो. तेव्हां तान्ह्या ताऱ्यांचेही क्ष-किरण मोजले म्हणजे रेडिओचा अंदाज आपोआप बांधतां येईल अशी आशा होती. ती फोल ठरली. त्या तेराही उगमांपासून क्ष-किरण येत होते व तेही जोरानें कमीजास्त होत होते, हें खरें. पण दोहोंचा स्पष्ट मेळ दिसला तो फक्त तासाभराच्या आंतील भडक्यांपुरता. अमुक ताऱ्याचे क्ष-किरण उसळले म्हणून त्याचा रेडिओही उसळेल असें म्हणतां येईना, आणि उलटही म्हणतां येईना. नियम मोडला असें मी म्हणणार नाहीं. मोठ्या माणसांचा नियम पाळण्यांतल्या मुलास लावूं गेलों एवढेंच. त्यामुळें क्ष-किरणांचा पहारा रेडिओच्या पहाऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं, दोन्ही निरनिराळे बसवावे लागतात, हें मात्र ठरलें.

पुढें २६ नोव्हेंबर २०१६ रोजीं हवाईतील मौना केआ पर्वतावरील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीनें मृगांतच 'जेडब्ल्यू ५६६' नांवाच्या ताऱ्याचा एक भडका टिपला. तो जीएमआर-एच्या भडक्याच्या सुमारें दसपट होता आणि अर्ध्या तासांत निम्म्यावर आला. दुर्बीण तासभर उशिरां वळली असती तर त्याची नोंदही राहिली नसती.

कांहीं भडके मात्र पंचांगाप्रमाणें वेळेवर येतात. वृषभ राशींत 'डीक्यू टॉरी' हें तान्ह्या ताऱ्यांचें जुळें आहे. दोघे परस्परांभोंवतीं लांबट कक्षेंत फिरतात आणि १५.८ दिवसांनीं एकदां अगदीं जवळ येतात. २००८ सालीं अकस्मात् दिसलेला त्यांचा भडका हा अशा जवळिकीच्या वेळचा होता, आणि मागाहून मुद्दाम त्या त्या वेळीं पाहिलें तेव्हां पुन्हां भडके दिसले. दोघांचीं चुंबकीय क्षेत्रें एकमेकांत अडकतात व ठिणगी पडते. एका घरांत भांड्याला भांडें लागावयाचेंच. येथें तें पंधरवड्यास एकदां लागतें. त्याच राशींतील 'व्ही ७७३ टॉरी' ह्या जोडीचा असाच क्रम सुमारें ५१ दिवसांचा आहे.

ह्या विद्येंत आपल्या प्रांताचाही हात आहे. पुणें जिल्ह्यांत शिवनेरीच्या परिसरांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेनुसार उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या आहेत. पोलादी दोरांवर जाळी ताणून बनविलेल्या ह्या तबकड्या नाशिकच्या रस्त्यानें जातांना कित्येकांनीं पाहिल्या असतील. त्या लांब लहरी ऐकण्यांत तरबेज आहेत. आयर्लंडमधील डब्लिनच्या संशोधकांनीं त्यांच्या साहाय्यानें वृषभ राशींतील 'डीजी टॉरी' हा तान्हा तारा न्याहाळला. ताऱ्यानें बाहेर फेंकलेला वायूचा झोत जेथें पुढील वायूवर आदळतो तेथें त्यांस अशा लहरी आढळल्या कीं ज्या नुसत्या तप्त वायूच्या नव्हेत, वेगवान् इलेक्ट्रॉनांच्या असाव्यात. हा कयास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. हे भडके नव्हत, हें येथें सांगितलें पाहिजे. परंतु बाळाच्या अंगाबाहेर, त्याच्या झोताच्या टोंकाशीं सुद्धां कण इतके वेग घेतात, ही गोष्ट साधी नाहीं.

हें सर्व ऐकून पुतण्यानें विचारलें, "पण आपल्याला त्याचें काय?" त्याला मीं दगडाची गोष्ट सांगितली. तान्ह्या ताऱ्याभोंवतीं वायु व धूळ यांची एक चकती फिरत असते, आणि तिच्यांतूनच पुढें ग्रह घडतात. ताऱ्याचा प्रत्येक भडका ह्या चकतीस भाजून काढतो. तिच्यांतले रेणु मोडतात, नवे जुळतात. आपला सूर्यही एके काळीं असाच चार दिवसांचा होता आणि ज्या मातीवर आपण उभे आहों ती तेव्हां त्या चकतींत होती. त्याचा पुरावा कोठें मिळावा? ८ फेब्रुवारी १९६९ च्या पहांटे मेक्सिकोंत आयेन्दे गांवाजवळ उल्कापाषाणांचा मोठा वर्षाव झाला. त्या दगडांत पांढुरके खडे असतात. ते सूर्यमालेंतील सर्वांत जुने घन पदार्थ होत. अशा एका खड्यांत बेरिलियम-१० हें द्रव्य एके काळीं असल्याची खूण २००० सालीं सांपडली. हें द्रव्य ताऱ्यांच्या पोटांत तयार होत नाहीं, उलट तेथें तें नष्ट होतें; अतिवेगवान् कण दुसऱ्या अणूंवर आदळून ते फोडतात तेव्हां तें उत्पन्न होतें. कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात, ते कण तान्ह्या सूर्याच्या भडक्यांतले. दुसरे म्हणतात, मूळच्या ढगावर आकाशगंगेंतून जे किरण पडत होते त्यांनीं तें आधींच निर्माण केलें होतें. मृगांतले भडके पाहिल्यापासून माझें मन पहिल्या पक्षाकडे झुकतें. पण वाद मिटलेला नाहीं. बेरिलियम-१० चें प्रमाण सुमारें १४ लाख वर्षांत निम्मे होतें, त्यामुळें त्या वेळचें तें द्रव्य आज त्या खड्यांत शिल्लक नाहीं. त्याच्या जागीं राहिला आहे तो थोडासा जादा बोरॉन.